फणसाखालचा दगड

आमच्या घराच्या मागच्या अंगणात, ज्याला आम्ही इथल्या बोलीत कोल्लै म्हणतो, गुडघ्याएवढ्या उंचीचा एक दगड आहे आणि त्यावर चक्र कोरलेलं आहे. पूर्वी कधीतरी पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या देवळाला जमीन मिळाली, तेव्हा तिच्या हद्दीवर असे दगड रोवले. चक्र दिसलं की समजायचं, देवाची जमीन इथवर. तंजावूरच्या उत्तर अंगाला, वेण्णार नदीच्या काठी, अजूनही कुणाच्या भातशेतात, कुणाच्या कुंपणाशी असा एखादा दगड उभा असतो. लोक त्याला कुंकू लावतात, नाहीतर म्हैस बांधतात. आमच्या दगडानं मात्र आमचं घर चालवलं. कोणी कुठे बसायचं, कुठे जेवायचं आणि शेवटी कुठे मरायचं, हे सगळं त्याच्यावरून ठरलं.

हे मी देवनागरीत लिहिते आहे, त्याचंही कारण सांगून टाकते. आमच्या तंजावुरी घरांत मराठी असते ती तोंडात. लिहायची वेळ आली की तमिळ, नाहीतर इंग्रजी. मला अप्पांनी मारूनमुटकून देवनागरी शिकवली, पुण्याहून टपालानं येणाऱ्या एका मासिकाच्या जुन्या अंकांवरून. आज माझ्याजवळ मावसबहिणीची नात राहते, कॉलेजात जाते. तिला माझं बोलणं अर्धं कळतं, उत्तर ती तमिळमध्ये देते, आणि ही वही मी उघडी टाकून गेले तरी तिला त्यातलं एक अक्षर लागायचं नाही. जे तोंडानं दोनदा सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते लिहायला मला याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

अप्पा तालुका कचेरीत हेडक्लार्क होते. साधा, मवाळ माणूस, बसमध्ये म्हातारं कोणी चढलं की आधी उठणारा. त्यांचं जे काही झालं ते आजोबा गेल्यावर. आजोबांना घेऊन ते कुंभकोणमला एका लग्नाला निघाले होते. पापनाशमला बस थांबली आणि आजोबांना खाली उतरवावं लागलं. बस स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर त्यांना आडवं केलं, आणि अप्पा पाण्यासाठी धावले. चहावाला ज्या पातेल्यात ग्लास विसळत होता त्यातलंच पाणी त्यानं घाईघाईत बुडवून दिलं, आणि तेच आजोबांच्या तोंडात शेवटचं गेलं. तीर्थ नाही, तुळशीचं पान नाही, वर लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं. अप्पा ही गोष्ट सांगताना नेहमी एकाच वाक्यावर थांबायचे, “बापाच्या तोंडात उष्टं पाणी घातलों गे मी.” मग ताट सारायचे आणि उठायचे.

वैष्णवांत क्षेत्रसंन्यास म्हणून एक व्रत आहे. त्यात भगवं नेसायचं नसतं, घर सोडायचं नसतं, बायकोही सोडायची नसते. एक क्षेत्र धरायचं, त्याच्या चार सीमा ठरवून घ्यायच्या, आणि मरेपर्यंत त्यांच्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. जगायचं तिथे आणि मरायचंही तिथेच, म्हणजे शेवटचा श्वास देवाच्या हद्दीत सुटतो आणि माणूस पुन्हा कुठल्या बस स्टँडवर जन्माला येत नाही. अप्पांनी नोकरी मुदतीआधी सोडली आणि वेण्णारकाठच्या पेरुमाळाच्या देवळामागे एक लांबट, अंधारं घर घेतलं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. एकुलती एक.

आईला कोणी विचारलं नव्हतं. आमचं आधीचं घर राजवाड्याजवळच्या गल्लीत होतं. तिथे दुपारी ओट्यावर पाच-सहा बायका सोंगट्या घेऊन बसायच्या आणि आईचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जायचा. ती हसायची ती पोट धरून, शिंकायची तीही तशीच. नव्या घरात अप्पांचा दिवस पहाटेच्या स्तोत्रानं सुरू व्हायचा आणि रात्रीच्या स्तोत्रानं संपायचा. स्वयंपाक ओलेत्यानं, कांदा-लसूण बंद, रेडिओ बंद, शेजारणीला आत यायला बंदी कारण तिचं सोवळं अप्पांच्या सोवळ्याला पुरत नसे. आई सकाळी अळूचं फदफदं, सांबार, भात असं सगळं करून ठेवायची आणि देवळातून तीर्थ येईपर्यंत चुलीपाशी भिंतीला टेकून बसायची. घरात एकही कोपरा असा नव्हता जिथे अप्पांचा मंत्र पोचत नसे. मला शाळा होती, मी सुटायची. ती कुठे जाणार?

व्रत घ्यायच्या चार दिवस आधी अप्पा पेन्शनच्या कागदांसाठी शहरात गेले होते. भर दुपार होती. मागची कोल्लै कमरेएवढ्या रानानं भरली होती आणि आम्ही दोघी ती साफ करत होतो. अप्पांनी अजून तिकडे पाऊलही टाकलं नव्हतं. रान काढता काढता आधी विहीर लागली, मग धुण्याचा मोठा दगडी पाट, आणि त्याच्याही पलीकडे, अगदी कुंपणाजवळच्या फणसाच्या बुंध्याशी, तो चक्राचा दगड, अर्धा कलंडलेला. आईनं त्यावरची माती पदरानं पुसली आणि ती बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग ती घराच्या मागच्या दाराकडे बघायला लागली.

“इंदू, भट्टर काय सांगिटले? उत्तरेची सीमा कुठली?”

“चक्राचा दगड,” मी म्हटलं. देवळाचे म्हातारे भट्टर म्हणजे पुजारी, त्यांनी तसंच सांगितलं होतं.

“मग हा इथं असला तर विहीरही तेंचीच झाली की गे. हिकडे बसूनही स्तोत्रच म्हणणार.” आईनं कोयता खाली ठेवला. “अस्कं घर तेंचं, अस्का दिवस तेंचा. मला बसायला थोडकी तरी जागा पाहिजे की नाही?”

मला आधी हसूच आलं. आईनं पहार आणली. दगड आधीच सैल होता. ती पहार घालायची, मी ढकलायची, आणि मधे मधे आम्ही दोघी जमिनीवर बसून हसायचो. फणसापासून विहीर ओलांडून मागच्या दाराच्या अलीकडे आणेपर्यंत माझ्या तळहातांची सालं निघाली. तिथे खड्डा करून आईनं तो रोवला, भोवतीची माती पायानं दाबली, वर शेण सारवलं. मग तिनं माझा हात धरून दगडावरच्या चक्रावर ठेवला. “कुणाला सांगूं नकोस. अप्पांला तर कध्धींच नको.” मी मान हलवली. पेरुमाळाला काय, तो फणसाखालीही असतो आणि इकडेही असतो, असंही ती म्हणाली होती. मला ते अगदी पटलं होतं.

व्रताच्या दिवशी भट्टर अप्पांना सीमा दाखवायला निघाले. दक्षिणेला वेण्णारच्या पायऱ्या, पूर्वेला चिंचेचं झाड, पश्चिमेला देवळाच्या रथाची शेड, आणि उत्तरेला आमची कोल्लै. भट्टरांना डोळ्यांनी कमी दिसायचं. मागच्या दारातून बाहेर आल्यावर त्यांनी हातानं चाचपून चक्र ओळखलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि म्हणाले, इथवर. अप्पांनी दगडाला साष्टांग नमस्कार घातला. आई दारात उभी होती, तोंडावर पदर घेऊन. तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं रडते आहे.

अशी विहीर आईची झाली. धुण्याच्या पाटामागे तिनं तीन विटांची चूल मांडली. भिंतीतल्या कोनाड्यात, पिठाच्या डब्यात, मावशीनं दिलेला ट्रान्झिस्टर लपला. भांडी घासायला येणारी चेल्लम्मा तिथे बसून तासतासभर गावगप्पा करायची. आणि आठवड्यातून एकदा आई छोट्या कांद्यांचं सांबार करायची, नाहीतर कांद्याची भजी, आणि वास सरळ पुढच्या खोलीत अप्पांच्या जपमाळेपर्यंत जायचा. अप्पांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. हद्दीबाहेर काय शिजतं त्याच्याशी व्रताचा संबंध नव्हता, आणि ते कायद्याला फार जपणारे होते. एकदाच फक्त मला हळूच म्हणाले, “फार वास येऊलाला गे, आज बरा झाला वाटतं.”

आणि एक गोष्ट झाली जी आम्ही कोणीच योजली नव्हती. संध्याकाळी आई कॉफीचे दोन पेले घेऊन दगडापाशी यायची. अलीकडे अप्पा लाकडी पाटावर, पलीकडे आई जमिनीवर, मधे चक्र. ते दोघं तिथे रोज तासभर बोलत बसायचे. राजवाड्याजवळच्या घरात मी त्यांना असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. आई अप्पांची नक्कल करून दाखवायची, अप्पा हसायचे. तीन वर्षं हे असं चाललं, आणि त्या तीन वर्षांत माझी आई सुखात होती असं मी आजही छातीठोकपणे सांगेन. त्या दिवशी दगड हलवला म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते पुढच्याचं.

पुरट्टासी या तमिळ महिन्याचे शनिवार म्हणजे आमच्याकडे पेरुमाळाचे. समोरचा रस्ता सकाळपासून माणसांनी, तुळशीच्या हारांच्या टोपल्यांनी, खेळण्यांच्या गाड्यांनी भरून जायचा आणि सायकलसुद्धा जायची नाही. तशा एका शनिवारी दहाच्या सुमारास मी आत केळीची पानं पुसत होते. विहिरीवरून कप्पीचा आवाज येत होता. तो एकदम भर्रकन झाला आणि बादली आत आदळली. आईच्या हातून दोर कधी सुटत नसे. मी धावले. ती धुण्याच्या पाटाला टेकून बसली होती, लुगडं अर्धं ओलं, एक हात छातीवर, तोंडावर घाम.

“कायतरी होऊलालं गे,” ती म्हणाली. अगदी शुद्धीवर होती. “ऑटो आण. मागच्या गल्लींतनं जा, समोर गर्दी आहे.”

कुंपणात फणसाजवळ एक फाटक होतं. त्यातून मागची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी पुलाकडे जाणारा मोठा रस्ता, तिथे ऑटो उभ्या असायच्या. शंभर पावलंही नव्हती. मी फाटकाकडे वळले आणि पाठीमागून अप्पांचा आवाज आला.

“इंदू, थांब!”

ते दगडापाशी उभे होते. पूजेतून उठून आले होते, अंगावर ओलं धोतर. पायाची बोटं दगडाला लागली होती आणि हात पुढे पसरले होते, विहिरीकडे. “आधीं आत घे तिला. आत घे! बाहेर काय झालं तर गे? आधीं आत!”

“अप्पा, तुम्ही या, उचलूं या,” मी ओरडले.

“मी कसा येऊं गे?” ते म्हणाले. ते रडत होते. पण पाय दगडाच्या आतच होते.

एका बाजूला फाटक, दुसऱ्या बाजूला अप्पा. सतरा वर्षांची मुलगी बापाचं ऐकते. मी आईच्या काखांत हात घातले आणि ओढायला लागले. तिनं पाटाची कड धरून ठेवली. “नकों गे,” ती म्हणाली, “नकों. इथंच राहूं दे. ऑटो आण.” मी तिची बोटं सोडवली. एक एक करून सोडवली. ओल्या लुगड्यानं ती फार जड झाली होती आणि तिच्या टाचा अंगणातल्या विटांच्या फरशीवरून घासत होत्या. निम्म्यात माझा दम संपला आणि मी तिला खाली ठेवलं. अप्पा तिथून चार हातांवर होते. त्या वेळी माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. अप्पा, दगड खोटा आहे, खरी सीमा फणसाशी आहे, या. एवढंच. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती म्हणते आहे, सांगू नकोस. मी वाक्य गिळलं आणि पुन्हा ओढायला लागले. ती नजर काय म्हणत होती हे मला आज सत्तरीतही माहीत नाही. कदाचित सांग म्हणत असेल.

दगडापाशी आल्यावर अप्पांनी तिला खांद्याला धरून आत घेतलं, मांडीवर डोकं ठेवलं आणि देवघरातलं तीर्थ तोंडात घातलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. मी समोरच्या दारानं रस्त्यावर पळाले. गर्दीतून एक डॉक्टर सापडले, दर्शनाला आलेले, त्यांना आत आणेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांनी विचारलं कुठे दुखायला लागलं, किती वेळ झाला. मग त्यांची नजर मागच्या फाटकावर गेली. “तो रस्ता उघडाच आहे ना? तिकडून का नेलं नाही?” 

मग बायका यायला लागल्या. आईच्या पायांवर डोकं ठेवून कुंकू घेऊन जायला. पुरट्टासीचा शनिवार, मळवटासकट, नवऱ्याच्या मांडीवर, चक्राच्या सावलीत, तोंडात तीर्थ. असं मरण कुणाला मिळतं? आणि मला जवळ घेऊन सांगायच्या, “तूंच दिलीस गे तिला वैकुंठ. ओढून आणलीस.” पुढची कित्येक वर्षं मी ही स्तुती ऐकली. देवळात मला पुढे बसवायचे. चेल्लम्मा तेवढी त्यांच्यात नव्हती. तिनं दुसऱ्या दिवशी विटांच्या फटीत अडकलेलं आईचं एक जोडवं काढून माझ्या हातात ठेवलं आणि विटांवरचं रक्त राखेनं घासून टाकलं.

मी टायपिंग शिकून तालुका कचेरीत लागले. लग्न केलं नाही, म्हणजे झालं नाही, दोन्ही खरं आहे. अप्पांना सोडून कुठे जाणार, असं लोक म्हणत आणि मीही तेच म्हणायची. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग होता, आणि राग असलेल्या माणसाला सोडून जाता येत नाही. मी त्यांचं सगळं केलं. पाणी काढलं, पानं वाढली, देवळातून तीर्थ आणलं, आणि दहा वर्षांत त्यांच्याशी कामापुरतं बोलले. संध्याकाळी ते कॉफीचा पेला घेऊन दगडापाशी बसत. पलीकडे कोणी नसे. विहिरीकडे तोंड करून बसत की पाठ करून, हे मी मुद्दाम पाहत नसे. कांदा आमच्या घरात पुन्हा शिजला नाही, ना हद्दीत, ना हद्दीबाहेर.

शेवटी ते आजारी पडले. दवाखाना पुलापलीकडे, म्हणजे प्रश्नच नव्हता. महिनाभर गळत गेले. त्यांनी मला खाट मागच्या दाराशी लावायला सांगितली, दगड दिसेल अशी. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते आणि ते म्हणाले, “तुझी आई किती जवळ होती गे. हात पुरला असता.” दहा वर्षांत त्यांनी तिचं नाव असं काढलं नव्हतं. मला एकदम संताप आला. मरणाऱ्या माणसाला दुखवावं असं वाटलं, म्हणून मी सांगितलं. दया म्हणून नाही, प्रायश्चित्त म्हणून नाही.

“अप्पा, तो दगड तिथला नाही.”

त्यांनी मान वळवून दगडाकडे पाहिलं.

“फणसाखाली होता. विहिरीपलीकडे. आईनं हलवला, व्रताच्या आधीं. मी हात लावला.”

 पेज गार झाली. मग त्यांनी विचारलं, “कांद्यासाठीं काय गे?”

“नाही अप्पा. बसायला.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता शिव्या देतील, किंवा देवाचं नाव घेतील. ते अगदी हळू, मला लहानपणी गणित चुकल्यावर सांगायचे त्या आवाजात म्हणाले, “तेव्हांच सांगायचं होतंस की गे. आलों असतों मी.”

माझा सगळा राग त्या एका वाक्यानं माझ्याकडे परत आला, आणि तो अजून माझ्याकडेच आहे.

मग ते म्हणाले, “ने मला तिकडे.” मी आणि चेल्लम्मानं त्यांना दोन्हीकडून धरलं. दगडापाशी आल्यावर ते क्षणभर अडले, सवयीनं. मग त्यांनी पाय उचलून पलीकडे टाकला. विहिरीपर्यंत आम्ही त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं आणि धुण्याच्या पाटाला टेकवून बसवलं, आई बसली होती तिथेच. त्यांनी तळहात पाटावर ठेवला आणि कडेवरून फिरवला, जिथून मी तिची बोटं सोडवली होती. श्वास लागला होता. मी तीर्थाचं भांडं आणायला आत पळाले. देवघराची कडी लवकर निघेना. परत आले तेव्हा चेल्लम्मा त्यांच्या तोंडाशी ओंजळ धरून होती, विहिरीच्या पाण्याची. जिच्या हातचं पाणी त्यांनी तेरा वर्षांत घेतलं नव्हतं, तिच्या ओंजळीतलं ते प्याले होते. तीर्थाची गरज उरली नव्हती.

बातमी गल्लीत पोचायला वेळ लागत नाही. म्हातारे भट्टर केव्हाच गेले होते, त्यांचा मुलगा आला. दाराशी उभा राहून त्यानं अप्पा कुठे आहेत ते पाहिलं, दगड कुठे आहे ते पाहिलं, आणि हातातला देवळाचा हार पुन्हा टोपलीत ठेवला. क्षेत्रात देह ठेवणाऱ्याला पेरुमाळाचा हार मिळतो. “शेवटच्या घटकेला असं का केलं त्यांनी?” तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मागे बायका कुजबुजत होत्या. तेरा वर्षांचं व्रत, एका दुपारीत मातीत गेलं. बायकोला बघा कसं मरण आलं आणि ह्यांना कसं आलं.

मी तोंड उघडलं होतं. एक वाक्य बोलले असते तर तो हार टोपलीतून पुन्हा बाहेर आला असता. पण त्याच वाक्यात आई देवाचा दगड हलवणारी झाली असती, आणि ज्या बायकांनी तिच्या पायांचं कुंकू नेलं होतं त्याच तिच्या नावानं थुंकल्या असत्या. मी पुन्हा गप्प बसले. अप्पा हाराशिवाय गेले. आजोबांना निदान बाक तरी मिळाला होता.

गेल्या वर्षी देवळांच्या जमिनी नव्यानं मोजायला माणसं आली होती. आमच्याकडे एक तरुण आला, हातात फोन आणि पांढऱ्या रंगाचा डबा. नातीनं त्याला कोल्लैत आणलं. चेल्लम्मा आता नाही, फणसही वादळात पडला. पण ती जागा मी डोळे मिटून दाखवीन. त्यानं दगडावरचं शेवाळ खरवडलं, चक्र पाहून खूश झाला आणि तमिळमध्ये विचारलं, “आजी, हा मुळातच इथला ना? कोणी हलवलेला नाही ना?”

एवढ्या वर्षांत हे मला कोणी सरळ विचारलंच नव्हतं. आता आईच्या नावानं थुंकणारं कोणी उरलेलं नाही. भट्टरांचा मुलगाही थकला आहे, त्याला बोलावून सांगितलं असतं तर त्यानं एक हार अप्पांच्या फोटोला घातला असता. मला हे सगळं सुचलं. पण मी विहिरीकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, भिंतीतल्या कोनाड्याकडे पाहिलं. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात स्वतःसाठी घेतलेली एकच जागा, ती मोजून देवाच्या खात्यात घालायला माझी जीभ रेटेना.

“इथलाच,” मी म्हटलं.

“म्हणजे विहीर बाहेर?”

“बाहेर. ती माझ्या आईची आहे.”

त्याला काही ते कळलं नाही. त्यानं दगडावर पांढऱ्या रंगात आकडा घातला, फोटो काढला आणि पुढच्या घराकडे गेला. रंग वाळेपर्यंत मी तिथे उभी होते. मग आत आले आणि मागचं दार लावून घेतलं. अप्पा बाहेरच राहिले.